थॅडियस स्टीव्हन्स आणि जळालेला कारखाना

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. पेनसिल्व्हेनियाचे खासदार थॅडियस स्टीव्हन्स यांचा लोखंडाचा कारखाना दक्षिणेच्या फौजेने जाळला, त्याचा सूड म्हणून त्यांनी युद्धानंतर दक्षिण धुळीला मिळवली. काळ्यांचा कळवळा हे सोंग, डोळा मतांवर. वर माणूस इतका हेकट, की तडजोड ठाऊकच नाही.

कारखाना जळला, हे खरं. जून १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या तोंडावर, जनरल जुबल अर्लीच्या सैन्याने कॅलिडोनियाचा कारखाना बेचिराख केला. पण नेमका तोच का? मालक गुलामगिरीचे कट्टर विरोधक स्टीव्हन्स होते म्हणून! वैर आधीचं, आग नंतरची.

किती आधीचं? १८३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार होत होती आणि तिने मताधिकार फक्त गोऱ्यांपुरता ठेवला. ती लिहिणाऱ्या सभेचे सभासद असूनही स्टीव्हन्स यांनी तिच्यावर सही केली नाही. १८५१ मध्ये ख्रिस्तियाना गावी पळालेल्या गुलामांना धरायला आलेला मालक मारला गेला आणि कास्टनर हॅनवे या गोऱ्या माणसावर थेट देशद्रोहाचा खटला भरला गेला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते, आरोपी सुटला. कारखाना जळायला तेव्हा अजून बारा वर्षं होती.

त्यांच्या भक्तांनीही एक गोष्ट लपवू नये. १८२१ मध्ये याच वकिलाने गुलाममालकाची बाजू लढवून चॅरिटी बटलर या स्त्रीचा स्वातंत्र्याचा दावा हाणून पाडला होता. जन्मजात संत वगैरे कोणी नव्हते ते.

मतांचं म्हणाल, तर त्यात लपवाछपवी नव्हतीच. काळ्यांना मताधिकार मिळाल्यास आपल्या रिपब्लिकन पक्षाची सत्ता टिकेल, हे त्यांनी जानेवारी १८६७ मध्ये प्रतिनिधीगृहात उघड सांगितलं, न्यायाच्या मुद्द्याच्या जोडीला. पण १८३८ ची ती न केलेली सही कोणत्या मतपेटीसाठी होती? रिपब्लिकन पक्ष तर जन्मलाही नव्हता.

हेकटपणाचा आरोप सगळ्यांत पोकळ. काळ्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी १८६६ ची चौदावी घटनादुरुस्ती त्यांना तोकडी वाटत होती, कारण तिने काळ्यांना सरळ मताधिकार दिला नव्हता. तरी त्यांनी ती मान्य केली. का, तर आपण देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. जीभ मात्र तिखट होती, त्याबद्दल वाद नाही.

राहिला सूड. देशद्रोहासाठी दक्षिणेचा एकही नेता फासावर गेला नाही. स्टीव्हन्स तर फाशीच्या शिक्षेच्याच विरोधात होते. बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्यावरचा खटला शेवटपर्यंत चाललाच नाही. स्टीव्हन्स यांना हवी होती ती जमीन. १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्यांनी मांडलं, की बंडखोरांपैकी दोनशे एकरांहून जास्त किंवा दहा हजार डॉलरांहून अधिक किमतीची जमीन असणाऱ्यांकडून ती जप्त करावी आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्यावी. स्वतःच्या पक्षातल्यांनीही साथ दिली नाही. उलट अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी माफ्या वाटल्या, आणि काळ्या कुटुंबांना कसायला दिलेली किनारपट्टीवरची जमीनही बहुतेक ठिकाणी जुन्या मालकांच्या हाती परत गेली. ऑगस्ट १८६८ मध्ये स्टीव्हन्स वारले, तेव्हा कालचे गुलाम त्याच मळेवाल्यांच्या रानात वाट्याने राबत होते.