ताबा घेतला म्हणजे नेमके काय घेतले?

काल दुपारी बँकेचे दोघे जण आले आणि आमच्या नावाच्या पाटीला अगदी खेटून ताबा नोटीस चिकटवून गेले. घंटा वाजवण्याचे सौजन्यही त्यांनी दाखवले नाही. मी दार उघडले तेव्हा एक जण खळीने माखलेला हात जिन्याच्या कठड्याला पुसत होता आणि दुसरा मोबाइलवर दाराचा फोटो काढत होता. आम्हाला या घरात आणखी किती दिवस राहता येईल, एवढेच मी विचारले. "सात दिवसांत रिकामे करा," असे म्हणून तो जिना उतरू लागला. सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी रात्रभर डोळा मिटला नाही.

कुठून आणले हे सात दिवस? रात्री मी नियम काढून वाचले. त्यात सात दिवस येतात ते बँकेसाठी, तेवढ्या मुदतीत तिने ही नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापायची असते. घर सोडण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. दारावरचा कागद म्हणतो की ताबा घेतला, पण तो सांकेतिक, म्हणजे केवळ कागदोपत्री ताबा आहे, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही. आम्ही किल्ली दिली नाही, तर प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसी कायद्याच्या, म्हणजे तारण ठेवलेल्या मालमत्तेतून थकीत कर्ज वसूल करण्याच्या कायद्याच्या, कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यांचा आदेश निघायला ३० दिवस, कारण नोंदवले तर ६० दिवसही लागू शकतात. कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला आम्हाला ४५ दिवस आहेत. यातले एक अक्षर त्या माणसाच्या तोंडून निघाले नाही. घाबरलेले कुटुंब आपणहून सामान बांधते, हे त्याला पक्के ठाऊक असणार.

ह्यांची नोकरी गेली आणि हप्ते थकले, हे आम्ही कधी लपवले नाही. ६० दिवसांची मागणी नोटीस आली, तेव्हा मी चार पानी हरकत लिहून पाठवली होती. कायद्याप्रमाणे तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायला हवे होते. आले ते "आपली हरकत ग्राह्य धरता येत नाही" हे एक वाक्य. वसुलीवाले मात्र ह्यांच्या जुन्या कार्यालयात फोन करून थकबाकीचा आकडा सांगत होते. कर्ज देताना याच बँकेने आम्हाला खुर्चीत बसवून विम्याची पॉलिसी गळ्यात मारली होती, तेव्हा समजावून सांगायला त्यांच्याकडे तासभर वेळ होता.

सगळ्यांत संताप येतो तो नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या कलम १३(८) च्या उल्लेखाचा. सगळी थकबाकी खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क पूर्वी विक्रीसाठी ठरलेल्या तारखेपर्यंत टिकत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच संपतो. म्हणजे आम्ही घरात राहत असतानाच, एखाद्या सकाळी वर्तमानपत्र छापून आले की घर सोडवण्याची वाट बंद होणार. घरमालकाला ठळक अक्षरांत सांगायला हवी ती हीच गोष्ट, आणि तिच्याजागी कलमाचा नुसता क्रमांक छापलेला आहे! पैसे उभे करायला धावणाऱ्या माणसाने त्या क्रमांकाचे काय करायचे?

आज सकाळी शाखेत जाऊन मी अर्ज दिला. ताबा सांकेतिक आहे की प्रत्यक्ष, कलम १४ चा अर्ज केला आहे का आणि लिलावाची नोटीस कधी प्रसिद्ध करणार, हे तीनच प्रश्न त्यात आहेत. साहेब तोंडी सांगायला तयार होते. मी पोचपावतीवर शिक्का मिळेपर्यंत काउंटरवरून हलले नाही.