ब्रिटनीतली एकादशी

फ्रान्सच्या वायव्य कोपऱ्यातल्या ब्रिटनीत दुपारी दोननंतर जेवायला मागून बघा. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याकडेसुद्धा कोणी तसं बघत नाही. त्यात आम्ही शाकाहारी, सोबत सासूबाई आणि त्यांची एकादशी.

उशीर नवऱ्यामुळे. इथल्या रस्त्यांवरच्या पाट्या फ्रेंच आणि ब्रेतों अशा दोन भाषांत, आणि हा प्रत्येक पाटीचा फोटो काढणार. वर व्याख्यान! पाचव्या-सहाव्या शतकात ब्रिटनमधून केल्टिक लोक इथे आले, म्हणून ब्रेतों भाषेचं नातं फ्रेंचशी नाही, वेल्शशी. असेल बाबा. पोटात कावळे ओरडताना नातेसंबंध सुचत नाहीत.

कांकालला लोक समुद्राकाठी बसून कालवांवर लिंबू पिळून ती जिवंत गिळत होते आणि शिंपले खाली किनाऱ्यावर भिरकावत होते. आईंनी पदर नाकाला लावला. एका हॉटेलात ‘शाकाहारी’ म्हटल्यावर वेट्रेसने मोठ्या मायेने मासे सुचवले. दुसरीकडे सॅलडमध्ये हॅम निघालं. तक्रार केली, तर म्हणे, “थोडंसंच तर आहे!”

शेवटी सँ-मालोत दिवसभर चालणारी एक क्रेपरी, म्हणजे धिरड्यांचं हॉटेल, सापडली. तिथे गालेत मिळतं. कुट्टूचं पीठ, पाणी, मीठ. गोल लोखंडी तव्यावर लाकडी दांडीने पातळ फिरवलेलं. आईंचे डोळे लकाकले. “आपली मंदा दिल्लीला नवरात्रात कुट्टूच खाते की!”

नवऱ्याने मोबाईलवरून वाचून दाखवलं : अंडं नको, हॅम नको, चीज नको, तवा पुसून घ्या. आचाऱ्याने विचारलं, “मग राहिलं काय?”

लोणी. तेही खारवलेलं. जुन्या फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता, ब्रिटनीला तो माफ. मग यांनी लोण्यात हात सैल सोडून मीठ घातलं. कर कधीच गेला, हात अजून सैलच आहे. आईंनी तीन गालेतं संपवली.

सोबत वाडग्यातून सीडर आलं, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. मी हळूच सांगितलं, “आई, यात थोडी... असते.”

“फळाचंच आहे ना?” म्हणत त्यांनी वाडगा रिकामा केला. “फार गोड आहे गं.”

वेटर म्हणाला, कमी गोडाचंही आहे, पण ते जरा जास्त चढतं.

“तेच सांग,” आई म्हणाल्या. “डॉक्टरांनी साखर बंद केलीय.”