प्री-वेडिंगमध्ये आपलं नागपूर दिसू द्या ना

लग्नसराई जवळ आली की इन्स्टावर तेच तेच सुरू होतं. शहराबाहेरच्या भाड्याच्या सेटवर लग्नाआधीचं फोटोशूट, मागे ग्रीसच्या सँटोरिनी बेटाची प्लायवूडची नक्कल, पांढऱ्या भिंती, निळे घुमट, रंगीत धूर, आणि मुलगा बजाजनगरचा न मुलगी मानेवाड्याची. मी नागपुरात लग्नाचे फोटो काढतो, मनापासून सांगतो, हे पाहून वाईट वाटतं. पैसा तुमचा, हौस तुमची, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पुढे पोरंबाळं अल्बम उघडतील तेव्हा आईबाबा राहत होते ते गाव त्यात कुठेच नसेल.

"पण दादा, नागपुरात शूट करायला आहे काय?" हे तर प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकतो.

मागच्या हिवाळ्यात एक जोडी आली, मुलगा इथला, मुलगी छिंदवाड्याची. त्यांनाही सेटच पाहिजे होता. मी म्हटलं आधी झिरो माईलला चला, जिथून अंतरं मोजायचे त्या जुन्या खांबापाशी, मग ठरवू. तिथल्या षटकोनी दगडी खांबावर गावांची नावं न तिथवरचे मैल कोरलेले आहेत, हैदराबाद, चांदा (म्हणजे चंद्रपूर), जबलपूर, शिवनी आणि छिंदवाडा पण. ती त्या रस्त्याने नेहमी जायची, पण थांबून कधी वाचलं नव्हतं. नाव सापडल्याबरोबर तिने त्याची बाही ओढली, "अरे हे पाहा ना!" न तो वाकून मैल वाचून राहिला, चष्मा नाकावर घसरलेला, दोघांचंही माझ्याकडे लक्ष नाही. तोच फोटो त्यांच्या घरी हॉलमध्ये लागला. खांबाजवळचे ते प्रसिद्ध चार घोड्यांचे पुतळे त्यात आलेच नाहीत, नाही आले तरी चालतं.

मग गोष्टीतून गोष्ट निघाली. तिचे बाबा लहानपणी छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला कपडे घ्यायला यायचे. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, पण मोतीबागला नॅरोगेजचं म्युझियम आहे, तिथे जुनी इंजिनं उभी आहेत. रीतसर विचारून, बाबांना सोबत घेऊन गेलो. बाबा डब्याच्या पायरीवर बसले न बोलतच राहिले, हे दोघं खाली उभे राहून ऐकत होते. असं कोणत्या सेटवर मिळणार सांगा?

म्हणून मी जागा विचारत नाही, आधी दोघांचं विचारतो. कुठे शिकले, कुठे भेटले, कोणाचं दुकान कुठे आहे. आजी महाल भागातली असेल तर महालच्या गल्लीत सकाळी सातला, दुकानांची शटर उघडायच्या आत, उन्हाची तिरपी पट्टी भिंतीवर येते तेव्हा. दोघं रोज मेट्रोने ऑफिसला जात असतील तर मेट्रो, तिथे तर 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' म्हणून डबे बुक करता येतात. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त सगळ्यांनाच पाहिजे असतो, छान आहे, पण डिसेंबरमध्ये साडेपाच-पावणेसहाला उजेड जातो आणि मेकअप सहाला संपतो, तेव्हा पार्लरवाल्या ताईंना वेळ आधीच सांगून ठेवा.

एक गोष्ट फोटोग्राफर भावांसाठी. इतक्या लांब जाऊन 85 ची लेन्स 1.4 वर उघडून मागचं सगळं धूसर करणार असाल तर जागा शोधलीच काऊन? 35 ची लेन्स लावा, 5.6 वर या म्हणजे मागचंही स्पष्ट येतं, पाटी वाचता येऊ द्या, चहावाला दिसू द्या. माणूस जरा लहान दिसला तर बिघडत नाही. आणि ड्रोनचा हट्ट झिरो माईलजवळ तर अजिबात नको, बाजूलाच सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे.

दीक्षाभूमीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे धम्म स्वीकारला तिथे जोडप्याला उचलून गोल फिरवायचे फोटो मी काढत नाही. बरीच जोडपी लग्नाआधी तिथे नतमस्तक व्हायला जातात, खूप सुंदर गोष्ट आहे ती, तेव्हा मी कॅमेरा बॅगेत ठेवतो. त्यांना आठवण पाहिजेच असली तर बाहेर आल्यावर चपला घालताना, साधा एक फोटो.

खर्चाचं पण बोलतो, कारण घरचे लोक तेच विचारतात. सेटचं भाडं, धूर, गाऊन, गाडी असं सगळं वाचतं. त्यातले थोडे पैसे चांगल्या कागदावरच्या प्रिंटला लावा, पेन ड्राइव्हमधले फोटो कोणी उघडत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे.

तुळशीचं लग्न झालं की तारखा भराभर जातात. ज्यांचं ठरलं आहे त्यांनी या आठवड्यात आईबाबांना, आजीला विचारून पाहा की तुमचं नागपुरातलं पहिलं घर कुठे होतं, लग्नाचा शालू कुठून घेतला होता. मग तो पत्ता घेऊन तुमच्या फोटोग्राफरकडे जा. माझ्याकडेच या असं म्हणत नाही, कोणाकडेही जा.