साखरपाणी, चेहरा आणि मेंदूतली लाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही नवजात शिशू विभागात वीस वर्षं काम केलंत. बाळाचं दुखणं मेंदूच्या नोंदीवरून मोजण्याबद्दल आणि टोचण्याआधी बाळाला देतात त्या साखरपाण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, "बाळाला दुखतंय हे तोंडाकडे बघून कळतं, डोक्याला वायरी कशाला? आणि तुमचं वाचून कुणी साखरपाणी बंद केलं तर?"

साखरपाण्याचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. 2010 साली लंडनमध्ये रेबेका स्लेटर यांच्या गटाने 59 नवजात बाळांवर अभ्यास केला. टाचेतून रक्त घेण्याआधी काहींना साखरेचं पाणी दिलं, काहींना नुसतं. साखरेने चेहरे कमी आक्रसले. पण टोचल्यावर ईईजीत, म्हणजे डोक्याला वायरी लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, उठणारी लाट दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. यावरून "साखरेने दुखणं कमी होत नाही" असं मी ठोकून दिलं. ते सिद्ध झालेलं नाही. ईईजीत दिसतो तो टोचण्याला मेंदूने दिलेला प्रतिसाद, आणि वेदना म्हणजे तेवढीच लाट नव्हे. रडणारं बाळ शांत होतं, हेही मोलाचं आहे. साखरपाणी कुणीही बंद करू नये. ते वाक्य मी बदललं आहे.

पण तोंडाकडे बघून कळतं, हे मला पटत नाही. माझा भाचा एकतिसाव्या आठवड्यात जन्मला. घशात नळी होती. टाच टोचली तेव्हा मी पेटीजवळ उभी होते. त्याने पाय जरासा ओढला, बोटं फाकली, तोंड उघडलं, नळीमुळे आवाज मात्र आला नाही. "शहाणा आहे, रडत नाही," असं कुणीतरी कौतुकाने म्हणालं. ते अजून माझ्या कानात आहे.

1980च्या दशकापर्यंत कित्येक नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया स्नायू लुळे करणारं औषध आणि अगदी जुजबी भूल देऊन होत. हलता येत नसल्याने ती बाळं शांतच दिसायची. 1987मध्ये ऑक्सफर्डला कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. शस्त्रक्रियेत फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलेल्या बाळांमध्ये ती खूपच कमी वाढली होती. बघणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं, ते मोजल्यावर कळलं.

वायरींमुळे तुमच्या हातांचं महत्त्व कमी होत नाही, ताई. 2018मध्ये ऑक्सफर्डच्याच गटाला दिसलं की टोचण्याआधी पायावरून सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर इतक्या सावकाश वेगाने हात फिरवला, तर ती लाट कमी होते. तुम्ही टोचण्याआधी बाळाचा पाय कुरवाळायचात का? किती वेळ? सवड झाली की नक्की लिहा.