'पानी' म्हणणाऱ्याला हसण्याआधी

विदर्भातला किंवा खानदेशातला मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि त्याच्या 'पानी'वर, 'लोनी'वर वर्गात हशा पिकतो. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. हसणाऱ्यांची पक्की समजूत असते की आपला ण शुद्ध आणि त्याचा न बिघडलेला.

संस्कृतात शब्द आहे 'पानीय'. त्यात न आहे. 'मानुष', 'भगिनी', 'नवनीत', सगळीकडे न. प्राकृतात दोन स्वरांच्या मधल्या या न चा ण झाला आणि त्यातून आपल्याला पाणी, माणूस, बहीण, लोणी मिळाले. पुढे काही बोलींमध्ये त्याच ण चा पुन्हा न झाला. म्हणजे मूळ उच्चार हीच शुद्धतेची कसोटी धरायची, तर पहिला ठपका 'पाणी' म्हणणाऱ्यांवर येतो!

उच्चार बदलतात ते आळसाने किंवा अडाणीपणाने नाही, बऱ्याच अंशी नियमाने. याचा माझा सगळ्यात आवडता पुरावा छ चा आहे. हिंदीत छुरी, आपल्याकडे सुरी. छाल, साल. छोड़ना, सोडणे. पूछना, पुसणे. मछली, मासळी. बछड़ा, वासरू. प्राकृतातला छ हिंदीने ठेवला, मराठीने त्याचा स केला, आणि पुढे इ-ए आला तर श. म्हणून छींक झाली शिंक. संस्कृतातल्या क्ष चंही बऱ्याच शब्दांत असंच झालं: क्षेत्राचं तिकडे खेत, इकडे शेत, मक्षिकेची तिकडे मक्खी, इकडे माशी. कुणी बैठक घेऊन हे ठरवलं नव्हतं. शेतात राबणाऱ्या, मासळी विकणाऱ्या माणसांच्या तोंडी हे घडत गेलं आणि आज ते प्रमाण मराठी आहे.

स चा श करायची ही ओढ अजून जिवंत आहे. घसा, पण घशात. म्हैस, पण म्हशी. समोसा तर आपल्याकडे फार उशिरा आला, तरी आपण सहज म्हणतो, 'समोशाबरोबर चटणी द्या.' हा नियम शाळेत जायच्या आधीपासून पोरं पाळतात.

आता वऱ्हाडी य कडे येऊ. 'डोळा'चा 'डोया', 'काळा'चा 'काया'. यावर तर नकला करून लोक टाळ्या मिळवतात. स्पॅनिशमध्ये रस्त्याला असलेला शब्द पूर्वी 'काल्ये' असा काहीसा उच्चारत. आज माद्रिदपासून मेक्सिकोपर्यंत बहुतेक लोक 'काये' म्हणतात. फ्रेंचमध्येही तसंच झालं: मुलगी या अर्थाचा शब्द 'फील्य'वरून 'फीय'वर आला. एमिल लित्रे यांनी १८६३ ते १८७२ या काळात आपला मोठा फ्रेंच शब्दकोश काढला, त्यात ते जुन्याच उच्चाराचा आग्रह धरून होते. पण लोक य वर गेले ते गेलेच, आणि आज फ्रेंच शिकवताना तोच य शिकवतात. आपला ळ आणि त्यांचा ल्य हे एकच ध्वनी नव्हेत, हे मान्य. पण ल च्या कुळातला ध्वनी सैल होत य वर येतो, ही वाट जगात बऱ्याच भाषांनी तुडवली आहे. वऱ्हाडी माणूस त्याच वाटेवर आहे. पॅरिसचा य सुसंस्कृत आणि अकोल्याचा य गावंढळ, हे कुठल्या न्यायाने?

प्रमाण बोलणाऱ्यांच्या तोंडातही बदल चालूच आहे. 'फूल', 'फळ' हे शब्द म्हणून बघा. जुना फ दोन्ही ओठ मिटून, हवेचा झोत सोडून निघतो. आज शहरात अनेकांचे वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'फॅन' म्हणताना टेकतात तसे. ओठांच्या प वरून दातांच्या फ वर जायची अशीच वाट जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळाने, फार पूर्वी धरली होती. जर्मन भाषाअभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये त्याचा नियम मांडला. पितृ आणि फादर, पाद आणि फूट या जोड्या त्यातल्याच. आपला फ कुठवर जाईल हे पुढच्या पिढ्या ठरवतील. मला त्यात काहीच वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते वक्तृत्व स्पर्धेत. तिथे दातांनी म्हटलेला फ कुणाच्या कानाला खटकत नाही आणि 'पानी'चे मात्र गुण जातात, कारण त्या न वरून गाव कळतं, घर कळतं. शिक्षकांनी वहीत 'पाणी' लिहायला जरूर शिकवावं, लेखनाला एक ठरलेलं रूप लागतंच. पण तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, व्यासपीठावर त्या न साठी एकही गुण कापू नये आणि वर्गात कुणी हसलं तर शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवून 'पानीय' हा शब्द फळ्यावर लिहावा.