एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, मागच्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ती नाही म्हणून वेगळं लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की आमच्या घरी संध्याकाळी जपमाळ झाली की ज्याचं त्याचं पुस्तक उघडतं, कुणाची कादंबरी, कुणाचा मागच्या वर्षीचा दिवाळी अंक, आणि मला ह्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. त्यावर भाऊंचं म्हणणं, बायबलसारखं एकच पुस्तक जन्मभर वाचणारा माणूस भाविक असतो, वाचक नसतो. वाचक पुढच्या पुस्तकाकडे जातो. शिवाय ज्या चर्चने चारशे वर्षं पुस्तकांवर बंदी घातली तिथे बसून वाचनाचं कौतुक सांगू नका, आणि यवतमाळच्या खेड्यात राहून हे परदेशी संत कशाला. शेवटी माझ्या मुलीबद्दल एक प्रश्न आहे, तो शेवटीच घेते.

बंदीचं खरं आहे. रोमने बंदी घातलेल्या पुस्तकांची पहिली यादी काढली 1559 ला आणि ती प्रथा बंद झाली 1966 ला, म्हणजे तुमचे चारशे जरा कमीच पडतात. मी त्या यादीची बाजू घेणार नाही, घ्यावीशी वाटतही नाही. पण त्या यादीचा त्रास फक्त चर्चच्या बाहेरच्यांना झाला असं तुम्ही धरून चाललात, ते मला पटत नाही. त्याच 1559 साली स्पेनमध्येही एक यादी निघाली, आणि अविलाच्या तेरेजाबाई, मठातल्या सिस्टर, त्यांच्या आवडीची स्पॅनिश भाषेतली भक्तीची पुस्तकं तिच्यात गेली. लॅटिन त्यांना येत नव्हतं, म्हणजे ती पुस्तकं वाचायची वाटच बंद झाली. त्यांना फार वाईट वाटलं, तसं त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आणि नंतर त्या स्वतःच लिहीत गेल्या. 1970 मध्ये पोपने त्यांना चर्चच्या आचार्यांमध्ये, म्हणजे ज्यांची शिकवण चर्च मोठी मानतं त्यांच्यात, बसवलं, हा मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई. माझ्यासाठी चर्च म्हणजे यादी काढणारेही आणि ती पुस्तकं गेली म्हणून रडणारी ही बाईसुद्धा. मी तिच्याकडच्या बाजूला बसते.

आता एकाच पुस्तकाचं. मला खरं तर ह्याच्यावरच बोलायचंय.

आमच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, रविवारचे पाठ तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात. एक वर्ष मत्तयचं, एक मार्कचं, एक लूकचं (ही बायबलमधली येशूच्या कथेची पुस्तकं), मग पुन्हा मत्तय. म्हणजे दर तीन वर्षांनी तोच उतारा त्याच सुमाराला कानावर येतो, तुम्हाला हवा असो नसो. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट आहे, ती सप्टेंबरात येते. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो, एक दिनार रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा जातो तर तिथे काही माणसं नुसतीच उभी. का उभे आहात विचारलं तर म्हणतात आम्हाला कोणी बोलावलंच नाही. त्यांनाही मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. सकाळपासून उन्हात राबलेले चिडतात.

ही गोष्ट मी पहिल्यांदा आजीला वाचून दाखवली, तिला वाचता येत नव्हतं. द्राक्षाचा मळा आमच्यातल्या कोणीच पाहिला नव्हता, तिच्या डोळ्यापुढे पऱ्हाटीच, म्हणजे कापसाचं शेतच असणार. ती जन्मभर रोजाने गेलेली. मला वाटलं ती चिडलेल्यांच्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "बरोबर केलं त्यानं. ज्याले कोनी नेलंच नाही त्याच्या घरी लेकरं नसतीन का?" पुढे म्हणाली की म्हाताऱ्या बाईले कोनीच निंदाले (तण काढायला) नेत नाही, ते आपली पार उन्हं चढेपर्यंत उभी रायते. ती हे स्वतःबद्दल बोलतेय हे मला तेव्हा कळलं नाही.

नंतर कॉलेजच्या सुट्टीत मी स्वतः निंदायला जायला लागले आणि आजीचं म्हणणं मला पटेनासं झालं. सकाळी सातला वाकायचं, दुपारची शिदोरी बांधावर, आणि आमच्या बायांचा रोज पुरुषांपेक्षा कमी, फवारणीवाला गडी अर्ध्या दिवसात जास्त घेऊन जायचा. कुरकुर करणारे ते पहिले मजूर मला माझेच वाटायचे. त्यांचं म्हणणं येशूने गोष्टीत नीट मांडलंय, दाबून टाकलं नाही, हे त्या वयात मला फार महत्त्वाचं वाटलं.

2020 च्या सप्टेंबरात कोरोनामुळे चर्च बंद होतं, मोबाइलवर मिस्सा ऐकली, छतावर गेलं तरच रेंज. त्या वर्षी पुण्या-मुंबईहून परत आलेली पोरं पारावर बसून असायची, हातपाय धड, काम करायची तयारी आणि बोलावणारं कोणी नाही. तो उतारा सुरू झाला आणि "आम्हाला कोणी बोलावलंच नाही" ह्या वाक्यावर मला छतावर उभं राहवेना, खाली बसून राहिले.

मग 2023. तोवर सासऱ्यांची शेती मीच पाहत होते, मजूर सांगणं, ऑटो ठरवणं, रोज वाटणं सगळं माझ्याकडे. सोयाबीन येलो मोझॅक रोगाने पिवळं पडलेलं, शेंगा भरल्याच नाहीत. त्या रविवारी मला मालकाचाच राग आला. मनात म्हटलं, तुझं पीक चांगलं आलंय म्हणून तुला उदार होता येतंय, माझ्यासारखं शेत असतं तर काय केलं असतंस? फादरना मिस्सेनंतर हेच विचारलं. ते हसले नाहीत, उपदेशही केला नाही, सोयाबीन किती एकर म्हणून विचारलं आणि बराच वेळ आम्ही शेताचंच बोललो. 2026 च्या सप्टेंबरात तोच पाठ पुन्हा. मी कोणाच्या बाजूने असेन मला माहीत नाही.

भाऊ, ह्याला तुम्ही वाचन म्हणणार नसाल तर मग मला वाचन काय ते सांगा. मी नवीन पुस्तकं वाचत नाही असंही नाही, आमच्या गावच्या ड वर्ग वाचनालयाच्या कपाटातली बहुतेक वाचून झालीत. पण त्यातली फार थोडी अशी निघाली की माझं वय बदललं, कामं बदलली आणि पुस्तकाने दर वेळी वेगळी बाजू पुढे केली. आणि हे फक्त आमच्यातच आहे का? शेजारच्या काकू दरवर्षी गजानन विजयचे एकवीस अध्याय पारायणाला बसून वाचतात. त्यांना विचारा दर वर्षी तेच का. मुलाच्या अपघातानंतर जो अध्याय वाचताना त्या थांबल्या त्याच्यावरून त्या आधी किती वेळा सहज पुढे गेल्या होत्या, हे त्यांनी मला आमच्या ओसरीत बसून सांगितलंय. त्यांना कोणी वाचक नाही म्हणालं तर मी भांडेन.

परदेशीपणाचं म्हणाल तर फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि त्यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, ती 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापली गेली. म्हणजे आमच्या गोष्टी मराठीत यायला लागून चारशे वर्षं होऊन गेली. कवी नारायण वामन टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार पडला तो तर आपल्याच नागपूर-राजनांदगाव रेल्वेत. ते आमच्यासारखे कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट झाले, तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे आमच्या घरी आपल्याच माणसाची म्हणून वाचली जातात. आणि आजी तर तुमच्या-माझ्यासारखीच ह्याच काळ्या मातीतली, ती ज्या वऱ्हाडीत बोलायची त्याच वऱ्हाडीत प्रार्थना करायची. ह्यावर आणखी काय बोलू.

आता मुलीचा प्रश्न. तुम्ही विचारलंत, उद्या ती म्हणाली मला चर्चला यायचं नाही, तर वाचनाचं हे स्वातंत्र्य तिला देणार का. ती तसं म्हणून झालीये. अकरावीला आहे, अमरावतीला होस्टेलवर, सुट्टीत आली की कधी येते कधी नाही, मी एकटी जाते. वाईट वाटतं, लपवत नाही. तिची पुस्तकं मी तपासत नाही, त्यातली काही मला आवडणार नाहीत हेही मला ठाऊक आहे. मागच्या सुट्टीत मात्र तिने आपणहून मत्तयचा तोच अध्याय काढला आणि मला म्हणाली, आई, यात बाया कुठे आहेत? पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मालक पाच वेळा बाजारात जातो आणि त्याला एकही बाई दिसत नाही? मी म्हटलं मजूर म्हटलं की त्यात बायाही आल्या. ती म्हणाली तसं लिहिलेलं नाहीये, आणि असत्या तर त्यांनाही पूर्ण दिनार मिळाला असता का? आमचा वाद जेवणं होईपर्यंत चालला, मिटला नाही. ती दिवाळीला येणार आहे, तोवर ह्या प्रश्नावर तुम्हाला काही सुचलं तर खाली लिहा, मी तिला वाचून दाखवेन.