ओट्याला पायरी

लग्नाला बारा वर्षं झाली. एवढ्या काळात नवऱ्याशी माझं तत्त्वाचं भांडण एकदाच झालं, आणि ते बिजागरीवरून झालं. बाकीची भांडणं किरकोळच. पैसा, नातेवाईक, मुलांचं भवितव्य, असली.

सुरुवात जुन्या कपाटाने केली. सिंकखालच्या फळीला ओल लागून ती पावासारखी फुगली होती, आणि एका सकाळी दार उघडायला गेले तर दारच हातात आलं. मी ते भिंतीला टेकवून ठेवलं. नवऱ्याने ते पाहिलं, दोन मिनिटं काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, "चला, आता सगळंच नवीन करू." त्याच्या आवाजातला आनंद मला तेव्हाच खटकायला हवा होता.

दोघांनी आपापल्या आवडीचे फोटो जमवायचे ठरलं. त्याने दाखवलेल्या पहिल्या फोटोत एक लांबलचक पांढरी भिंत होती. हँडल नाही, खुंटी नाही, चमचा नाही, माणूस तर नाहीच. मी विचारलं, "यात स्वयंपाक कुठे करतात?" "हे काय, इथे," म्हणून त्याने बोट ठेवलं. ती जागा मला खिडकीची कड वाटली होती.

मग माझा फोटो. लाकडी उघड्या फळ्या, त्यावर काचेच्या बरण्या, भिंतीवर टांगलेल्या कढया, एका कुंडीत उभे केलेले झारे आणि उलथनी. तो फोटो त्याने बोटांनी मोठा करून करून पाहिला. मला वाटलं, आवडला. तो मोजत होता. "एकेचाळीस वस्तू," तो म्हणाला, "आणि सगळ्या उघड्यावर. फोडणीची वाफ आणि धूळ एकत्र आली की काय होतं माहितीये?" माहीत होतं. चिकट, पिवळट थर बसतो आणि तो नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही. पण हे मी त्याच्यासमोर कबूल करणार नव्हते, आजही करत नाही. इथे लिहितेय ते वेगळं.

मला फार उशिरा कळलं की हा आवडीनिवडीचा मामला नव्हताच. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वस्तू कुठे ठेवली ते त्याला लक्षात राहतं. मला दिसेल तेवढंच लक्षात राहतं. दाराआड गेलेली वस्तू माझ्या लेखी देवाघरी गेली. तीन किसण्या आहेत आमच्याकडे. प्रत्येक वेळी आधीची दाराआड होती म्हणून नवी आणली. त्याला उलट समोर वस्तू दिसल्या की कोणीतरी सतत हाका मारतंय असं वाटतं. एक माणूस डोळ्यांनी घर चालवणारा, दुसरा डोळे मिटून. दोघांनी मिळून एक भिंत सजवायची.

त्याने मग अभ्यास सुरू केला. माझा नवरा अभ्यास करायला लागला की मी पाण्याची बाटली भरून जवळ घेते. एका रात्री त्याने मला फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईने तिथल्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं. रुंदी जेमतेम 1.9 मीटर, लांबी 3.4. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरावरून कल्पना घेतलेली, कमीत कमी पावलांत काम व्हावं म्हणून प्रत्येक हालचाल मोजलेली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. "आणि सगळं," तो हात पसरून म्हणाला, "बंद खणांत!"

मी फोटो मागितला. खण होते खरे, ॲल्युमिनियमचे, ओळीने. पण प्रत्येक खणावर आत काय आहे त्याचं नाव! मी म्हटलं, "बघ. जगातल्या सगळ्यात शिस्तीच्या स्वयंपाकघरातसुद्धा बाहेर लिहावं लागलं. मी लिहिण्याऐवजी काच लावते, एवढाच फरक." पुढे वाचलं तर पिठाचा खण मुद्दाम ओक लाकडाचा होता, कीड लागू नये म्हणून. लाकूड! तेही माझ्या बाजूने. आणि सगळ्यांत शेवटी कळलं की हे सगळं आखेपर्यंत बाईंनी स्वतः कधी स्वयंपाकच केला नव्हता. त्यांनीच नंतर तसं सांगून ठेवलंय. यावर नवऱ्याचं म्हणणं असं, की म्हणूनच त्यांना स्पष्ट दिसलं. त्या रात्री आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो.

खरं महाभारत ओट्याच्या उंचीवरून झालं. नवरा सहा फूट, मी पाच. लग्नाच्या फोटोत मला पाटावर उभं केलं होतं. स्वयंपाकघरात बारा वर्षं कोणी पाट दिला नाही.

सुतारकाका आले. कानामागे पेन्सिल, खिशात टेप आणि चेहऱ्यावर "अशी जोडपी खूप पाहिली" असा भाव. नवऱ्याने त्यांना नियम समजावून सांगितला: सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचा आणि कोपरापासून दहा-पंधरा सेंटीमीटर खाली ओटा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. तीस वर्षं ते हेच करत असणार, पण कोणी काटकोन म्हटलं नसणार. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून, कोपर वाकवून उभे राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. काकांनी टेप लावला. त्याचा कोपर 115 वर. माझा 96 वर. काकांनी भिंतीवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, एका रेघेपुढे 'दादा' लिहिलं, दुसरीपुढे 'ताई', आणि मागे सरकून बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले.

"मधली घेऊ या का?" ते म्हणाले.

दुकानात ओटे साधारण 85 ते 91 सेंटीमीटरचे मिळतात. म्हणजे मधलीच उंची जगाने आधी घेऊन ठेवलेली आहे. मधल्या उंचीचा अर्थ मला बारा वर्षांत नीट समजला होता: तो कमरेत वाकणार, मी खांदे उचलणार, आणि रात्री दोघं एकमेकांना मलम लावणार. मी म्हटलं, "नको. माझ्या बाजूला माझी उंची, त्याच्या बाजूला त्याची."

"म्हणजे ओट्याला पायरी येईल," काका म्हणाले.

"येऊ दे."

नवऱ्याचा चेहरा पडला. एकसंध, अखंड पृष्ठभाग हे त्याचं स्वप्न होतं. त्याच्या मधोमध पायरी म्हणजे काचेला तडा. पण कंबर त्याचीच होती. तासाभराच्या वाटाघाटींनंतर तो सहा सेंटीमीटर खाली आला, मी एक वर चढले, आणि 94 व 84 वर तह झाला. दहा सेंटीमीटरची पायरी. आता एकच अडचण. पातेलं त्याच्या बाजूकडून माझ्याकडे नुसतं सरकवता येत नाही, उचलावं लागतं. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात, भरलेल्या पातेल्यानिशी कळलं.

दगडाचं प्रकरण त्यामानाने लवकर मिटलं. त्याला पांढरा संगमरवर हवा होता. मी नमुन्याच्या तुकड्यावर अर्धं लिंबू पिळलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. संगमरवर म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट; आम्ल पडलं की तो झिजतो. सकाळी तुकड्यावर निस्तेज गोल उमटला होता, आणि नवरा त्यावर बोट फिरवत नातेवाईक गेल्यासारखा बसला होता. माझ्या लाकडी ओट्याचंही त्याने तसंच केलं: पाण्याचा पेला उपडा ठेवला आणि सकाळी काळपट वर्तुळ माझ्यासमोर धरलं. मग कृत्रिम क्वार्ट्झ पाहिला. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त दगडाची पूड असते, पण ती धरून ठेवणारं रेझिन तापलेल्या भांड्याला भितं. आमच्या घरी तापलेलं भांडं जिथे जागा मिळेल तिथे टेकवलं जातं. राहिला ग्रॅनाइट. "ठिपकेदार आहे, सांडलेलं दिसणार नाही," मी खुशीत म्हटलं. "म्हणूनच तर नको," तो म्हणाला. पण घेतला. ग्रॅनाइट आमच्यापैकी कोणालाच आवडला नाही, त्यामुळे त्यावर भांडण झालं नाही.

रंगाबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर माझाच रक्तदाब वाढायचा. मला वाटायचं पांढरा हा एक रंग आहे. नवऱ्याने चौदा पांढरे आणले. भिंतीवर चौदा चौकोन रंगवले आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ मला समोर उभं करून विचारलं, "यातला कोणता?" सकाळी निवडलेला संध्याकाळी दिव्याखाली पिवळा दिसला. दोष रंगाचा नव्हता, दिव्याचा होता. मला आवडतो तो 2700 केल्विनचा पिवळसर उजेड, त्याला हवा 6500 चा पांढराशुभ्र, दंतवैद्याकडे असतो तसा. शेवटी दोन्ही दिवे लावले, दोन वेगळ्या बटणांवर. कोण आधी स्वयंपाकघरात शिरतं त्यावर भिंतीचा रंग ठरतो.

त्रिकोणाचा उल्लेख मात्र करायलाच हवा. शेगडी, सिंक आणि फ्रिज हे तीन कोन. प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट. तिन्हींची बेरीज तेरा ते सव्वीस फूट. 1940 च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यावर काम झालं. नवऱ्याने जमिनीवर खडूने त्रिकोण काढला आणि मला त्यातून चालायला लावलं. त्रिकोण उत्तम जमला. गोची एवढीच, की त्या त्रिकोणात एकच माणूस धरलेला आहे. आमच्याकडे रोज संध्याकाळी दोघं असतात, तेव्हा दोन त्रिकोण एकमेकांत घुसतात. दोघं काम करणार असतील तर मधली वाट 48 इंच असावी, एकच असेल तर 42, असं तिकडचे जाणकार सांगतात. आमची वाट 38 इंच. यातून आमच्याकडे वाहतुकीचा नियम तयार झाला: ज्याच्या हातात गरम भांडं, त्याला आधी वाट, दुसऱ्याने फ्रिजला चिकटून उभं राहायचं. फ्रिजला चिकटून मी या वर्षात दोन पुस्तकं वाचून संपवली.

दारांचा निकाल अखेर असा लागला. डावीकडची भिंत त्याची: बारा बंद, पांढरी, बिनहँडलची दारं, ढकलली की उघडणारी. उजवीकडची माझी: उघड्या फळ्या, बरण्या, खुंट्या. मधोमध ती पायरी. पहिल्यांदा घर पाहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "शेजारचं घर विकत घेऊन जोडलंत का?"

सहा महिने आम्ही दोघंही फार खूश असल्यासारखे वागलो.

एका रात्री अकराच्या सुमाराला मला खट्, खट् आवाज आला. जाऊन पाहिलं तर नवरा अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून उभा. बाराच्या बारा दारं सताड उघडी, आणि तो बाटलीचं ओपनर शोधत होता. ज्याला सगळं लक्षात राहतं तो माणूस! मी दारात टेकून उभी राहिले. तो मागे वळून न बघता म्हणाला, "हवा खेळती राहावी म्हणून उघडलीत." मी मान डोलावली आणि झोपायला गेले. सुसंस्कृत माणसं अशा वेळी हसत नाहीत, पांघरुणात हसतात.

पण हसू फार टिकलं नाही. त्याच रविवारी मी माझ्या बरण्या पुसायला काढल्या. पहिली बरणी फळीवरून उचलली तर तळ सोडेना. सोडला तेव्हा फळीवर गोल ठसा राहिला, पिवळट, चिकट, त्यात एक मुंगी कायमची स्थायिक झालेली. साबण, गरम पाणी, सोडा, सगळं झालं. एकोणीस बरण्या. बाराव्या बरणीपाशी मी जमिनीवर बसले आणि नवरा बाहेर गेल्याची खात्री करून सुतारकाकांना फोन लावला.

"काका, उघड्या फळ्यांना दारं बसवता येतील का हो?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग खोकल्यासारखा आवाज.

"ताई, परवाच दादांचा फोन आला होता. दारं काढायला सांगितलीत. ताईंना सांगू नका म्हणाले."

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार!

"मी काय म्हणतो," काका म्हणाले, "त्यांची काढतो आणि तुमच्या बाजूला लावतो. प्लाय तरी वाया जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी काका आले. आम्ही दोघं ओट्याच्या दोन उंचींवर, एकमेकांकडे न बघता उभे होतो. काकांनी एक दार काढलं, माझ्या फळ्यांसमोर धरलं, टेपने मापलं, मान तिरकी करून बघितलं. मापात बसत होतं.

"फक्त एक सांगा," ते म्हणाले. "इकडे ढकलून उघडणारी यंत्रणा बसायची नाही, जागा कमी पडते. हँडल लावू?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी उत्तर दिलं. काकांनी दार भिंतीला टेकवलं आणि टेप परत खिशात घातला.